मांडी घालता येणारा पाय

पाय गमावलेल्या माणसाला जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात एके काळी विलायती धर्तीचा कृत्रिम पाय बसवून मिळायचा. थोड्याच दिवसांत तो पाय घरात कुठेतरी कोपऱ्यात पडायचा आणि माणूस पुन्हा कुबड्यांवर यायचा. पाय घडवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बूट घालून खुर्चीवर बसणारा गडी होता. आपल्याकडे जेवायचं मांडी घालून, परसाकडे बसायचं उकिडवं, देवळात शिरायचं अनवाणी आणि राबायचं शेतातल्या चिखलात. घोटाच वळत नसेल तर यातलं जमणार काय?

हा पेच दोघांनी सोडवला. डॉ. प्रमोद करण सेठी अस्थिशल्यचिकित्सक, तर रामचंद्र शर्मा म्हणजे मास्टरजी हे कसबी कारागीर, शाळा जेमतेम शिकलेले. दोघांच्या खटपटीतून 1968च्या सुमारास ‘जयपूर फूट’ आकाराला आला. आत लाकूड आणि स्पंजी रबर, वरून टायरवाल्यांसारखं भाजून घट्ट केलेलं रबर. रंग आपल्या कातडीचा, त्यामुळे बुटाची गरज नाही. घोटा हवा तसा वळणारा. पाऊल साच्यातून निघतं खरं, पण वरची खोबण प्रत्येकाच्या उरलेल्या पायाचं प्लास्टरने माप घेऊनच बनते. सेठींना 1981 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मास्टरजींचं नाव मात्र आजही फार जणांना ठाऊक नसतं, हे जरा खटकतं.

माणूस बघून वस्तू घडवायची ही गोष्ट डोक्यात ठेवून आता रेशनच्या दुकानात या. ओळख पटवायला तिथल्या मशीनला अंगठा हवा, तोही रेषा शाबूत असलेला. जन्मभर विटा वाहिलेल्या, ऊस तोडलेल्या, दुसऱ्यांची भांडी घासलेल्या हातांवर रेषा उरतात कुठे? ‘आजी, थंब लागत नाही, उद्या या,’ असं ऐकून आजी पिशवीची घडी करते आणि रांगेतून बाजूला होते. ज्यांनी सगळ्यात जास्त कष्ट उपसले, नेमके त्यांचेच अंगठे नापास! मशीन ठरवणाऱ्याने असा एक तरी हात आपल्या हातात धरून पाहायला हवा होता.

अंगठा जुळत नाही एवढ्यावरून पात्र माणसाचं धान्य अडवू नये, असं केंद्र सरकारने 2017मध्येच राज्यांना कळवलेलं आहे. तुमच्या दुकानात कुणी असं बाजूला झालेलं दिसलं, तर दुकानदाराला हे सांगा. नाहीच ऐकलं, तर त्या आजींना घेऊन तहसीलच्या पुरवठा शाखेत जा.