रेघ नेमकी कोणाची?

अण्णांनी तीस वर्षं कराडमध्ये दुकानांच्या पाट्या रंगवल्या. फ्लेक्स आल्यावर कामं आटली आणि नंतर हातच थरथरायला लागला. गेल्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा मी माझा पेन टॅबलेट त्यांच्यापुढे ठेवला आणि लॅपटॉपवर क्रिता उघडून दिलं. गंमत म्हणून. त्यांनी एक रेघ ओढली आणि पेन खाली ठेवलं. भूकंपाच्या आलेखासारखी उमटली होती ती. मी त्यांना न विचारताच ब्रश स्मूदिंगमध्ये जाऊन स्टॅबिलायझर चालू केला. दुसरी रेघ ताणलेल्या दोरीसारखी सरळ आली. अण्णा हसले. मला मात्र आपण काहीतरी लबाडी केली असं वाटलं.

का वाटलं, ते सांगतो. स्टॅबिलायझर काही तुमचा हात धरत नाही. पेन नुकतंच कुठेकुठे होतं, त्या बिंदूंची तो सरासरी काढतो आणि रेघ त्या सरासरीवरून नेतो. म्हणून रेघ हाताच्या जरा मागून येते. डिस्टन्स वाढवलं की रेघ आणखी गुळगुळीत होते आणि आणखी आळशीही. डिले चालू केलं तर कर्सरभोवती एक वर्तुळ मिळतं. त्याच्या आत हात कितीही हलला तरी रेघ जागची हलत नाही. म्हणजे पडद्यावरची रेघ जिथून गेलेली दिसते, तिथून हात कदाचित गेलेलाच नसतो.

मीही हे रोज वापरतो. लोक 'काय हात आहे!' म्हणतात तेव्हा गप्प बसतो. (तुम्हीही बसत असाल.)

मग अण्णांनी 'र' काढायला घेतला. रेघ जिथे वळून तिरकी खाली उतरते तो कोपरा त्यांना टोकदार हवा होता, आला गोल. थरथर काय आणि मुद्दाम घेतलेलं वळण काय, यंत्राला दोन्ही सारखंच. अण्णांनी दुसऱ्या खेपेला कोपऱ्यावर पेन उचललं आणि 'र' दोन रेघांत काढला, पाटीवर ब्रशने काढायचे तसा.

"पण अण्णा, ही तुमची रेघ नाही ना," मी म्हणालो.

"आणि काठी?"

पाटी रंगवताना ते एक काठी तिरकी टेकवून तिच्यावर मनगट ठेवायचे. ओला रंग फिसकटू नये म्हणून तिच्या टोकाला चिंधीचा बोळा बांधलेला असायचा. मी वाद घातला, की काठी रेघेच्या आधी हात सावरते, ब्रश जिथे टेकला तिथेच रंग लागतो. हे यंत्र तर हात हलल्यावर त्याचा हिशेब बदलतं. हा फरक मला अजूनही खरा वाटतो.

अण्णा म्हणाले, "अरे, तू थरथर माझी समजतोयस. ती आत्ता आली. मी तिच्या आधीचा आहे."

यावर मला काही बोलता आलं नाही. कच्ची, न सावरलेली रेघ म्हणजेच खरी, हे मी कुठून उचललं होतं कोण जाणे. माझा हात धड आहे म्हणून मला ते परवडत होतं, एवढं मात्र तेव्हा कळलं.

त्यांनी तासभर खपून आईचं नाव काढलं. खाली कोपऱ्यात सही करायची वेळ आली तेव्हा मी विचारलं, "आता तरी बंद करू का?"

"कशाला? काठी बाजूला ठेवून मी कधी सही केली होती?" असं म्हणून त्यांनी सही केली.