काटा फिरवताना

शाळेच्या विज्ञान मंडळासाठी रेडिओ घ्यायचे ठरले, तेव्हा प्रश्न साधा वाटला होता. बीदरला चौबाऱ्याजवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात लघुलहरींचा जुना संच चालू स्थितीत होता. दुसरीकडे, पुण्यात इंजिनिअर झालेला आमचा माजी विद्यार्थी सांगत होता, "सर, आता बोटभर यंत्र संगणकाला जोडलं की झालं. लहरी निवडण्याचं काम संगणकच करतो." किंमत दोन्हींची जवळपास सारखीच. पैसे मुलांच्या वर्गणीचे. निवड मात्र माझ्या हाती.

माझे मन जुन्याकडे ओढत होते, आणि त्या ओढीला मी तत्त्वाचे नावही दिले होते. भालकी तालुक्यातल्या आमच्या घरी मर्फीचा संच होता. वडील रात्री मराठी बातम्यांसाठी काटा फिरवीत. वाटेत गुलबर्ग्याची कन्नड लागे, हैदराबादचे उर्दू 'नैरंग' लागे. बुधवारी सीलोनची 'बिनाका गीतमाला' शोधताना न कळणाऱ्या कितीतरी भाषा कानांवरून जात. १९५६ साली बीदर जिल्हा वाटला गेला. उदगीर, निलंगा तिकडे गेले, भालकी इकडे राहिली. माणसांमध्ये सरहद्द आली, पण काट्याला प्रत्येकाच्या दारावरून जावेच लागे. दुसऱ्याचे ऐकून घेण्याची सवय आम्हांला त्यानेच लावली, असे मी समजत आलो. नव्या यंत्रात सारा लहरपट्टा पडद्यावर दिसतो. हवे तिथे बोट ठेवावे, मधले सगळे टळते. अशा सोयीने माणूस एककल्ली होणार नाही काय?

दुकानदाराने पहिला धक्का दिला. "सर, सेट पक्का आहे. पण लावणार काय त्यावर?" खरेच होते. बीबीसी हिंदीचे लघुलहरींवरील प्रसारण ३१ जानेवारी २०२० रोजी थांबले. जी केंद्रे उरली, त्यांच्यावर एलईडी दिव्यांची आणि इन्व्हर्टरची खरखर.

दुसरा धक्का शाळेत बसला. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाने असा एक संच २००८ साली इंटरनेटवर सर्वांना खुला केला. तो माजी विद्यार्थ्याने मुलांना दाखवला. आठवीतल्या एका मुलीने पडद्यावरच्या फिकट रेघेवर बोट ठेवले. "सर, इथे कोण बोलतंय?" भाषा कुणालाच कळेना. तरी वीस मिनिटे मुले कान देऊन ऐकत होती, तर्क लढवत होती.

त्या रात्री मी स्वतःला विचारले, आमच्या घरी कन्नड केंद्रावर काटा कधी थांबला होता? एकही रात्र आठवली नाही. आम्ही कन्नड ऐकत नव्हतो, ओलांडत होतो. आवाज कानांवरून जाणे आणि ऐकणे एक नव्हे. सक्तीने घडलेल्या शेजाराला मी सद्गुण समजत होतो.

जुन्या संचाची एक बाजू खरी आहे : तो बिघडला तर इथेच डाग देऊन दुरुस्त होतो, नवे यंत्र बहुधा फेकावे लागेल. तरीही आम्ही नवे घेतले. मुलांच्या वर्गणीतून माझ्या आठवणी विकत घेण्याचा अधिकार मला नव्हता.

घरी अजून एक लहान ट्रान्झिस्टर आहे. परवा त्यावर कलबुर्गी केंद्र लागले. कन्नड बातम्या संपेपर्यंत मी काटा हलवला नाही.