देवाची मर्जी आणि जोड्यांचा हिशेब

मठाची प्रमुख वारली, तिच्या जागी कोण? मायोर्का बेटावरचा ख्रिस्ती तत्त्वज्ञ रामोन लुल याने १२८३च्या सुमारास लिहिलेल्या ‘ब्लांकेर्ना’ या कातालान कादंबरीत हा पेच मठातल्या भगिनींपुढे येतो, आणि सुटतो तो जोड्या लावून. नऊ जणी उमेदवार असल्या तर जोड्या होतात ३६. दर जोडीला विचारायचं: दोघींत देवावर अधिक प्रेम कुणाचं? सद्गुणांची ओढ कुणाला जास्त? दुर्गुणांचा तिटकारा कुणाला? पदाला लायक कोण? सर्वांत जास्त जोड्यांत जी सरस ठरेल ती प्रमुख. कादंबरीत नाताना निवडून येते.

लुलला भगिनींची आवडनिवड मोजायची नव्हती. योग्य व्यक्ती एकच आहे, देवाला ती ठाऊक आहे, माणसांनी फक्त ती हुडकायची, असा त्याचा विश्वास होता.

पाचशे वर्षांनी, १७८५मध्ये, फ्रान्सच्या काँदॉर्सेने एका ग्रंथात याच श्रद्धेला गणिताचा आधार दिला. प्रत्येक मतदार चुकण्यापेक्षा बरोबर असण्याची शक्यता जास्त असेल, तर मतदार वाढतील तसं बहुमत सत्याजवळ जातं. गंमत म्हणजे त्याच ग्रंथात त्याने या श्रद्धेखाली सुरुंगही पेरला. समजा मठात उमेदवार तिघीच: अ, ब आणि क. एक तृतीयांश भगिनींचा पसंतीक्रम अ, ब, क. दुसऱ्या तृतीयांशाचा ब, क, अ. उरलेल्यांचा क, अ, ब. आता अ ही ब-ला हरवते, ब ही क-ला, आणि क पुन्हा अ-ला! तिन्ही निकाल दोन तृतीयांश बहुमताचे.

लुल म्हणाला असता, कुणाची तरी पारख चुकली. पण कुणाचीच चुकली नसेल तर? लुलचे चार प्रश्न नीट पाहिले की ही शंका बळावते. भक्तीत बुडालेली बाई मठाचे हिशेब सांभाळेलच असं नाही. एकीने भक्तीला वजन दिलं, दुसरीने लायकीला, तर तिघींबद्दल दोघींचं ज्ञान सारखं असूनही कौल वेगळा पडेल. तिथे मतभेद उमेदवारांविषयी नसतोच. चांगली प्रमुख म्हणजे काय, यावरच असतो. त्याचं उत्तर जोड्यांत सापडणार कसं?

१२९९मध्ये लुलने सोपी रीत सुचवली: जोडीत हरेल ती बाद, जिंकेल तिची गाठ पुढचीशी. वरच्या मठात ती लावून पाहावी. आधी अ-ब घेतली तर शेवटी क प्रमुख होते. आधी ब-क घेतली तर अ. एकाही भगिनीने मत बदललेलं नाही. बदलला तो फक्त जोड्या पुकारण्याचा क्रम.