रस्ता कुणाचा?



गेल्या महिन्यात आपल्या बाजारात एक प्रसंग घडला. तुमच्यापैकी काहींनी तो पाहिला, बाकीच्यांनी ऐकला. दुसऱ्या एका ख्रिस्ती पंथाचे सहा-सात जण संध्याकाळी बाजाराच्या कोपऱ्यावर उभे राहून गीते गात होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना लहान पुस्तिका देत होते. थोड्या वेळाने काही तरुण जमले, आरडाओरडा झाला. एका बाईच्या हातातील पुस्तिका हिसकावून, फाडून गटारात टाकण्यात आल्या. मग पोलीस आले. त्यांनी गाणाऱ्यांना गाडीत बसवून चौकीवर नेले, दोन तास बसवून ठेवले आणि पुन्हा इथे दिसू नका अशी समज देऊन सोडले. पुस्तिका फाडणारे आपापल्या घरी गेले.

त्या रविवारी मिस्सानंतर चर्चच्या अंगणात आपल्यापैकी काहींनी आम्हाला म्हटले, “बरंच झालं, फादर. हे लोक रस्त्यावर उभे राहतात आणि नाव आपल्या सगळ्यांचं खराब होतं.” आम्ही त्यावर काही बोललो नाही. खरे सांगायचे तर आमच्याही मनात तोच विचार येऊन गेला होता. पण तो विचार नंतर आठवडाभर टोचत राहिला. म्हणून आज हे लिहीत आहोत.

आपल्या मनात येथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळतात. रस्त्यावर उभे राहून उपदेश करणे शहाणपणाचे आहे का, हा एक प्रश्न. आणि तसे करणाऱ्याला गप्प बसवण्याचा अधिकार कुणाला आहे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ‘नाही’ असे दिले की दुसरा आपोआप सुटला असे आपल्याला वाटते. तसे नाही. शेजाऱ्याचे बोलणे मला आवडत नाही, म्हणून त्याचे तोंड बांधलेले मला चालेल असे होत नाही.

आधी आपल्या परंपरेकडे पाहू. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात पेत्र आणि योहान यांना यरुशलेमच्या न्यायसभेने ताकीद दिली, की येशूच्या नावाने यापुढे अवाक्षरही काढू नका. देवाची आज्ञा आणि माणसांची आज्ञा समोरासमोर आल्या तर आपण कोणती पाळणार, हे त्यांनी न्यायसभेला तोंडावर सांगितले आणि ते पुन्हा मंदिरात जाऊन शिकवू लागले. हा प्रसंग आपल्या सर्वांना पाठ आहे. पण असिसीकर संत फ्रान्सिस यांचे उदाहरण आपण सहसा आठवत नाही. रस्त्यावर, चौकात, बाजारात उपदेश करणारा त्यांच्याएवढा मोठा संत शोधून सापडणार नाही. तरीही १२२३ साली पोपमहोदयांनी मान्य केलेल्या त्यांच्या संघाच्या नियमावलीत त्यांनी लिहून ठेवले, की एखाद्या बिशपांनी मनाई केली असेल तर त्यांच्या धर्मप्रांतात बंधूंनी उपदेश करू नये.

पेत्राने बंदी मोडली आणि फ्रान्सिसने बंदी मानली. मग कोण बरोबर? आमच्या मते दोघेही. फ्रान्सिसने मानलेली मनाई कुठे बोलावे आणि कुणाच्या संमतीने बोलावे याबद्दलची होती. ख्रिस्ताचे नाव घेऊच नका असे त्याला कुणी सांगितले नव्हते. पेत्राला सांगितले गेले ते नेमके हेच, की ते नाव कुठेही, कधीही घ्यायचे नाही. पहिल्या प्रकारचे बंधन समाजात राहणाऱ्या माणसाने पाळावे. दुसऱ्या प्रकारचे बंधन पाळणे म्हणजे विवेक गहाण टाकणे.

आपल्या देशाच्या कायद्यातही हाच भेद दिसतो. संविधानाच्या अनुच्छेद २५ने प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. ‘प्रसार’ हा शब्द तेथे सहज आलेला नाही. डिसेंबर १९४८मध्ये संविधान सभेत त्यावर वाद झाला. लोकनाथ मिश्र यांनी त्याला विरोध केला, तर कन्हैयालाल मुन्शी यांनी तो शब्द राहू द्यावा अशी बाजू मांडली. त्यांचा मुद्दा साधा होता: भाषणस्वातंत्र्य दिल्यावर आपल्या श्रद्धेबद्दल दुसऱ्याला पटवून देण्याचे स्वातंत्र्य त्यात आलेच. मुन्शी ख्रिस्ती नव्हते, हे आपण विसरू नये. आपल्या हक्कासाठी दुसरा कुणी उभा राहिला, म्हणून तो आपल्याला मिळाला.

पुढे १९७७ साली रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या शब्दाचा अर्थ मर्यादित केला. आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगून तो पसरवणे हा प्रसार. दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही, असे न्यायालय म्हणाले. या निकालावर आपल्याकडे बरीच नाराजी आहे आणि तिला कारणेही आहेत. बोललेले पटल्यावर ऐकणाऱ्याने काय करायचे, हा प्रश्न त्यात नीट सुटलेला नाही असे आम्हालाही वाटते. तरी समजावून सांगण्याचा हक्क त्या निकालानेही शाबूत ठेवला आहे.

रस्त्याबद्दलही न्यायालय बोलले आहे. मुंबई पोलीस कायदा, ज्याला आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात, त्याखाली अहमदाबादमध्ये एक नियम होता. रस्त्यावर सभा घ्यायची तर अधिकाऱ्याची परवानगी हवी. ती कोणत्या कारणाने द्यावी वा नाकारावी, हे मात्र नियमात काहीच नव्हते. १९७२ साली हिम्मतलाल शहा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द ठरवला. रस्त्यावरील सभांचे नियमन सरकारने जरूर करावे, पण कुणी बोलावे हे एका अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडता येणार नाही, असा त्याचा मथितार्थ. संत थॉमस अक्विनस शिकवतात, की कायदा म्हणजे सर्वांच्या हितासाठी बुद्धीने घालून दिलेली व्यवस्था. मर्जी ही व्यवस्था होत नाही.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. २००० साली चेन्नईतील एका चर्चच्या ध्वनिवर्धकाचे आणि ढोलांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. दुसऱ्यांची शांतता भंग करून प्रार्थना करा असे कोणताही धर्म सांगत नाही, असे न्यायालयाने त्या चर्चला सुनावले. त्याच वर्षीच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावरील ध्वनिवर्धकांना मनाई केली आणि निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली. असे नियम सर्वांना सारखे लागू होत असतील, तर त्यांत छळ कसला? रुग्णालयात पडलेल्या माणसाला झोप हवी असते. ती मोडणारे स्तोत्र कितीही सुंदर असले तरी त्या क्षणी ते प्रेमाचे कृत्य उरत नाही.

आता आपल्या बाजारातील प्रसंगाकडे परत येऊ. तेथे ध्वनिवर्धक नव्हता, रात्र झाली नव्हती, रस्ता अडला नव्हता. गोंधळ झाला हे खरे. पण तो केला कुणी?

असाच प्रश्न १९९७ साली इंग्लंडमधील वेकफील्ड गावात उभा राहिला होता. तेथील कॅथीड्रलच्या पायऱ्यांवर तीन स्त्रिया उपदेश करत होत्या. शंभराहून अधिक माणसे जमली, काही जण चिडले. पोलिसाने त्या स्त्रियांना थांबायला सांगितले. त्यांनी नकार दिला, म्हणून त्यांना अटक केली. त्यांच्यातील एकीला शिक्षाही झाली. १९९९ साली वरिष्ठ न्यायालयात न्यायमूर्ती सेडली यांनी ती रद्द केली. शांततेला धोका नेमका कुणाकडून होता, हे पोलिसाने पाहायला हवे होते, असे ते म्हणाले. ज्याच्या बोलण्याने कुणालाही काही लागत नाही, तेवढ्यापुरतेच भाषणस्वातंत्र्य असेल, तर त्याला फारशी किंमत नाही, असाही त्यांचा अभिप्राय होता.

एफिससमध्येही हेच घडले होते. देमेत्रिय सोनाराने जमाव उठवला आणि दोष मात्र पौलावर आला. त्या वेळी नगराच्या लेखकाने, जो ख्रिस्ती नव्हता, जमावाला शांत केले. तक्रार असेल तर न्यायालये उघडी आहेत, दंग्याचा जाब मात्र आपल्यालाच द्यावा लागेल, असे त्याने बजावले. आणि पौल? त्याला जमावापुढे जायचे होते. पण शिष्यांनी आणि काही अधिकारी मित्रांनी अडवले, तेव्हा तो त्या दिवशी गेला नाही. हक्क होता म्हणून त्याने तो प्रत्येक वेळी बजावला नाही.

येथून आपण पहिल्या प्रश्नाकडे वळू शकतो: रस्त्यावर बोलावे का, आणि कसे? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली धर्मस्वातंत्र्यावरील जाहीरनाम्यात हे स्वातंत्र्य माणसाच्या प्रतिष्ठेवर उभे केले. म्हणूनच ते बोलणाऱ्याइतकेच ऐकणाऱ्याचेही आहे. श्रद्धेचा प्रसार करताना बळजबरीचा वा अयोग्य मनधरणीचा वासही येऊ नये, विशेषतः गरीब आणि अल्पशिक्षित माणसांशी वागताना, असे परिषदेने बजावले आहे. ज्या गावात स्वागत होत नाही तेथून पायांची धूळ झटकून निघा, असे प्रभूने शिष्यांना सांगितले. दार तोडायला सांगितले नाही. रस्त्याने घाईत जाणाऱ्या माणसाला ‘नको’ म्हणण्याचा हक्क आहे. त्याच्या दैवतांची टिंगल न ऐकण्याचाही त्याला हक्क नाही का?

लंडनमध्ये १९१८ साली कॅथलिक एव्हिडन्स गिल्ड नावाची संघटना सुरू झाली. फ्रँक शीड आणि त्यांच्या पत्नी मेझी वॉर्ड हे तिचे प्रसिद्ध वक्ते. हाइड पार्कमध्ये टवाळखोरांच्या गर्दीपुढे साधीसुधी प्रापंचिक माणसे उभी राहून आपली श्रद्धा समजावून सांगत. पण व्यासपीठावर चढण्याआधी प्रत्येकाला शिक्षण घ्यावे लागे आणि परीक्षा द्यावी लागे. आपल्यापैकी किती जण अशी परीक्षा पास होतील? रस्त्यावरच्या त्या लोकांना आपण अडाणी म्हणतो. त्यांचे बोलणे कच्चे असेलही. पण निदान ते बोलतात. आपण गप्प राहतो, आणि त्या गप्प राहण्याला समजूतदारपणा म्हणतो.

आणखी एक अवघड गोष्ट लिहिली पाहिजे. ख्रिस्ती सत्ता होती तेव्हा आपण काय केले? सोळाव्या शतकात गोव्यात पोर्तुगीज राजवटीने देवळे पाडली, हिंदूंच्या जाहीर पूजाअर्चांवर बंदी घातली. १५६० साली तेथे इन्क्विझिशन आले आणि मधला थोडा काळ सोडला तर १८१२ पर्यंत टिकले. त्या काळी रस्ता फक्त आपला होता. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी सत्याच्या सेवेच्या नावाखाली शुभवर्तमानाला न शोभणारे मार्ग वापरल्याबद्दल ख्रिस्तसभेच्या वतीने देवाकडे क्षमा मागितली. ही क्षमायाचना खरी असेल तर तिचा अर्थ एवढाच, की जो रस्ता आपण आपल्यासाठी मागतो तो दुसऱ्यालाही मोकळा असावा. आपण पवित्र शुक्रवारी क्रूसाची वाट रस्त्यावरून नेतो. सणाला बँड लावून मिरवणूक काढतो. तेव्हा वाहतूक थांबते आणि आपले हिंदू-मुस्लिम शेजारी आपल्या दारात शांतपणे उभे राहतात. गणपतीची मिरवणूक, मोहरमचा ताबूत, आंबेडकर जयंती आणि कोपऱ्यावर गाणारे ते सहा-सात जण, या सर्वांना एकच माप लावता आले पाहिजे.

कायद्याकडून आपण एवढेच मागू या: वेळ, जागा आणि आवाज यांचे नियम करा, ते लिहून ठेवा आणि सर्वांना सारखे लावा, पण काय बोलायचे हे ठरवू नका आणि दंगा करणाऱ्याची शिक्षा बोलणाऱ्याला देऊ नका. स्वतःकडून मात्र जास्त मागू या. कायदा मुभा देतो तेथेही कुणाला दुखवायचे नाही, कुणाच्या अडचणीचा फायदा घ्यायचा नाही आणि विचारले तर उत्तर द्यायला तयार राहायचे.

उरली ती आमची चूक. त्या रविवारी अंगणात आम्ही गप्प राहिलो, ते आम्हाला शोभले नाही. ती माणसे आपली नव्हती म्हणून आपल्याला बरे वाटले. चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण दरवर्षी ऐकतो, तरी असे झाले. येत्या शनिवारी संध्याकाळी आम्ही त्या मंडळींच्या पास्टरांना भेटायला जाणार आहोत. त्यांच्याशी पुष्कळ बाबतींत आमचे मत जुळत नाही आणि तेही आम्ही त्यांना सांगू. पण त्या बाईंच्या पुस्तिका फाडल्या गेल्या याचे आम्हाला दुःख वाटले, हे आधी सांगू. आपल्यापैकी कुणाला सोबत यायचे असेल तर सहा वाजता चर्चच्या दारात यावे.

प्रभू आपणा सर्वांना बोलण्याचे धैर्य आणि ऐकण्याची नम्रता देवो.