गंज दिसतो, विरघळणं दिसत नाही

राहुरी-श्रीरामपूरच्या पट्ट्यात उसाची पानं पिवळी पडली की शेतकरी 'केवडा पडला' म्हणतो आणि हिराकशीची फवारणी करतो. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, लोहाचा क्षार. गंमत अशी की, अहिल्यानगर जिल्ह्याच्या बुडाशी जो काळा बेसाल्ट आहे त्यात वजनाच्या सुमारे १० टक्के लोहच असतं. त्याच्याच झिजेतून झालेल्या काळ्या मातीत लोहाला तोटा नाही. पण चुनखडीच्या, सामू आठच्या पुढे गेलेल्या जमिनीत ते गंजलेल्या, फेरिक रूपात अडकून बसतं आणि मुळांच्या हाती लागत नाही.

त्याच शेतकऱ्याच्या ठिबकमध्ये मात्र लोह नको इतकं येऊ शकतं. बोअरचं पाणी लोहाचं असेल तर लॅटरलचं शेवटचं टोक सोडून बघा: आधी तांबूस, बुळबुळीत लोंदे पडतात, मग पाणी निवळतं. लोंदा बोटांत चोळला तर गाळासारखा खरखरत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर त्यात बहुधा पोकळ नळ्या आणि पिळलेल्या फिती दिसतात. हे जीवाणूंचं बांधकाम आहे.

त्या पिळलेल्या फितींचं वर्णन जर्मन निसर्गशास्त्रज्ञ एरेनबर्ग यांनी १८३६ च्या सुमारास केलं होतं. तो जीव म्हणजे गॅलिओनेला. मात्र तो लोहाचं नेमकं करतो काय, हा प्रश्न मोकळाच राहिला. १८८८ मध्ये विनोग्राडस्की यांनी धीट उत्तर दिलं: विरघळलेलं फेरस लोह गंजवताना जी ऊर्जा सुटते, तिच्यावर हे जीवाणू जगतात. दगडातल्या धातूवर कुणी पोट भरतं, ही कल्पनाच तेव्हा नवी. मोलिश यांनी पोकळ नळ्या बांधणारा लेप्टोथ्रिक्स लोहाशिवायही वाढवून दाखवला आणि शंका घेतली. शंका रास्त होती. सामू सातच्या आसपास असलेल्या पाण्यात हवा लागली की लोह आपोआपच गंजतं. मग त्यातलं हवेनं किती केलं आणि जीवाणूनं किती, हे वेगळं काढायचं कसं? १९५७ मध्ये कुसेरा आणि वुल्फ यांनी नळीच्या तळाशी लोह आणि वरून हवा अशी मांडणी करून गॅलिओनेला वाढवला, तेव्हा कुठे त्यावर नीट काम होऊ लागलं.

एवढा वाद झाला तो लोहाच्या गंजण्या-विरघळण्याच्या वर्तुळाच्या एका अर्ध्यावरच. गंजलेलं लोह पुन्हा विरघळतं, हे भातखाचरांच्या अभ्यासकांना ठाऊक होतं. पण ते कोण करतं? १९२७ मध्ये स्टार्की आणि हॅल्व्हर्सन यांनी मांडलं की जीवाणू फक्त ऑक्सिजन संपवतात, आम्लता वाढवतात; पुढचं काम रसायनाचं. हे मत पुढे बराच काळ टिकलं. माझ्या मते त्याचं एक कारण अगदी साधं आहे. गंज लाल असतो, साचतो, नळी तुंबवतो. विरघळणं मात्र चिखलाखाली, अंधारात, रंग न दाखवता होतं. डोळ्यांत भरणाऱ्या गोष्टीला सिद्धांत लवकर मिळतो.

१९८७-८८ मध्ये डेरेक लव्हली यांनी अमेरिकेतल्या पोटोमॅक नदीच्या गाळातून एक जीवाणू वेगळा केला. पुढे त्याचं नाव जिओबॅक्टर पडलं. आपण श्वासाला ऑक्सिजन वापरतो तसा तो फेरिक लोह वापरतो: अॅसिटेट जाळतो आणि त्यातून निघालेले इलेक्ट्रॉन गंजाच्या कणाला देतो. कण घन, तो पेशीच्या आत घेता येत नाही. म्हणून इलेक्ट्रॉनच बाहेर पाठवावे लागतात. ते वाहून नेणारे तंतू हीमयुक्त प्रथिनांचे असल्याचं २०१९ मध्ये दिसलं. एका जीवाणूच्या अंगाबाहेर विजेची तार! रसायनावर सोपवलेलं काम जीवाणू स्वतः करतो, यावर आता वाद राहिला नाही.

या ज्ञानाचं गांभीर्य बंगालनं शिकवलं. तिथल्या गाळात लोहाच्या गंजाला आर्सेनिक चिकटलेलं असतं. गंज विरघळला की तेही पाण्यात उतरतं. २००४ मध्ये पश्चिम बंगालच्या गाळावरील प्रयोगांत त्यामागे धातू विरघळवणारे जीवाणू असल्याचे पुरावे मिळाले.

आपल्याकडे तसं का नाही? बेसाल्टच्या उथळ विहिरींत हवा खेळती असते. शिवाय ऑक्सिजन संपल्यावर जीवाणू आधी नायट्रेटकडे वळतात, लोहाकडे नंतर, आणि उसाच्या पट्ट्यात युरियाच्या कृपेनं नायट्रेटची वानवा नाही. हे काही त्याचं कौतुक नव्हे, नायट्रेट स्वतःच पिण्याला घातक. पण आसवनीचं किंवा गावाचं सेंद्रिय सांडपाणी मुरलं की ऑक्सिजन आणि नायट्रेट दोन्ही संपतात आणि पाळी लोहाची येते. नेवासा-शेवगावकडे जायकवाडी धरणाच्या फुगवट्यात तर हे ऋतुमानानंच चालतं. पाण्याखाली गाळ गुदमरतो, लोह सुटतं. पाणी ओसरलं, गाळपेर जमीन भेगाळली की आत हवा शिरते आणि लोह पुन्हा गंजतं.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. लोहाचं बोअरपाणी उपसताना नितळ असतं, बाटलीत काही वेळात तांबूस होतं आणि लोह तळाला बसतं. तसाच नमुना दिला तर अहवालात लोह कमी दिसू शकतं. पिण्याच्या पाण्यात मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे, म्हणून हा फरक किरकोळ नाही. तेव्हा पंप आधी थोडा वेळ चालवा, लोहाच्या तपासणीसाठी वेगळी बाटली घ्या, आणि लोह तळाला बसू नये म्हणून तिच्यात जागेवरच घालायचं आम्ल प्रयोगशाळेकडून आधी मागून घ्या.