आप्त कोण? रॉझवेलचे साक्षीदार आणि शब्दप्रमाणाचा प्रश्न

दुसऱ्याच्या सांगण्यावरून जे कळते त्याला ज्ञान म्हणावे की नाही, आणि म्हणायचे तर कोणत्या अटींवर, या प्रश्नावर भारतीय दर्शनांमध्ये शतकानुशतके वाद झाला. चार्वाकांनी प्रत्यक्षाखेरीज दुसरे प्रमाणच मानले नाही. वैशेषिकांनी आणि दिङ्नागाच्या परंपरेतील बौद्धांनी शब्दाला अनुमानाच्या पोटात घातले. न्यायदर्शनाने मात्र शब्दाला स्वतंत्र प्रमाणाचा, म्हणजे यथार्थ ज्ञानाच्या स्वतंत्र साधनाचा, दर्जा दिला आणि त्या शब्दामागे ‘आप्त’ असला पाहिजे अशी अट घातली. वात्स्यायनाच्या भाष्यानुसार आप्त म्हणजे ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशीच ती इतरांना कळावी या इच्छेने जो बोलतो तो. आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते, असेही तो सांगतो. आप्तत्व हे कुळावर, पदावर किंवा गणवेशावर अवलंबून नाही, ही या विवेचनातील अतिशय मोलाची गोष्ट आहे. या लक्षणाची चर्चा सहसा वेदप्रामाण्याच्या संदर्भात होते. परंतु त्याची खरी कसोटी पाहायची असेल तर अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातील रॉझवेल या गावाच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या १९४७ सालच्या प्रकरणाइतके योग्य उदाहरण विसाव्या शतकात क्वचितच सापडेल, कारण त्यात प्रामाणिक साक्षीदार आहेत, खोटे साक्षीदार आहेत, ऐकीव गोष्टी सांगणारे आहेत, आणि ज्याने खरोखरच काहीतरी लपवले असे एक शासनही आहे.

२४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाने वॉशिंग्टन राज्यातील माउंट रेनियर या शिखराजवळ अतिवेगाने उडणाऱ्या नऊ वस्तू पाहिल्याचे सांगितले आणि वृत्तपत्रांनी त्यांना उडत्या तबकड्या हे नाव देऊन टाकले. रॉझवेलच्या वायव्येस सुमारे १२० किलोमीटरवरील एका पशुपालन-क्षेत्राचा कारभारी मॅक ब्रेझल याला जूनच्या मध्यास माळरानावर विखुरलेले काही अवशेष दिसले होते. तबकड्यांची चर्चा कानावर आल्यावर जुलैच्या सुरुवातीला त्याने ती गोष्ट रॉझवेलच्या शेरीफला कळवली. तेथील लष्करी हवाई तळावर ५०९ वा बॉम्बफेकी गट होता, म्हणजे त्या काळी अणुबॉम्ब टाकण्याची क्षमता असलेले जगातील एकमेव दल. त्या दलाचा गुप्तवार्ता अधिकारी मेजर जेसी मार्सेल याने अवशेष गोळा केले आणि ८ जुलै रोजी तळाचा प्रमुख कर्नल विल्यम ब्लँचर्ड याच्या आदेशावरून जनसंपर्क अधिकारी वॉल्टर हाउट याने उडती तबकडी हाती लागल्याचे पत्रक काढले. काही तासांतच टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथून ब्रिगेडियर जनरल रॉजर रेमी याने ती वस्तू म्हणजे हवामानाचा फुगा व त्याला जोडलेले रडार-परावर्तक असल्याचे जाहीर केले, छायाचित्रे घेतली गेली, आणि विषय तीस वर्षे जवळजवळ विस्मरणात गेला.

१९७८ साली अणुभौतिकीचे अभ्यासक स्टँटन फ्रीडमन यांनी निवृत्त झालेल्या मार्सेलची मुलाखत घेतली आणि त्या कथनाला दुसरा जन्म मिळाला. आपण हाताळलेली वस्तू या पृथ्वीवरची नव्हती, ती जळत नव्हती, तिला पोचे पडत नव्हते, असे मार्सेल सांगू लागला. १९८० साली चार्ल्स बर्लिट्झ आणि विल्यम मूर यांचे पुस्तक आले, त्यानंतर साक्षीदारांची संख्या वाढत गेली, आणि कोसळलेले यान, परग्रहवासीयांचे मृतदेह, लष्कराने दिलेल्या धमक्या असा सगळा तपशील हळूहळू जमा झाला.

येथे नैयायिकांनी केलेला एक भेद फार उपयोगी पडतो. त्यांच्या मते अनुभव आणि स्मृती ही ज्ञानाची दोन निरनिराळी रूपे आहेत. स्मृती केवळ पूर्वीच्या अनुभवाच्या संस्कारातून उपजते, वस्तूशी तिचा नवा संपर्क होत नाही, म्हणून तिला प्रमेचे, म्हणजे यथार्थ अनुभवाचे, स्थान दिले जात नाही. स्मृती खरी ठरली तरी तिचे खरेपण उसने असते. या दृष्टीने पाहता ब्रेझलची मुलाखत ९ जुलै १९४७ रोजी ‘रॉझवेल डेली रेकॉर्ड’ या दैनिकात छापली गेली, ती घटनेनंतर काही आठवड्यांच्या आतली आहे, आणि तिच्यात रबराच्या पट्ट्या, चांदीचा वर्ख लावल्यासारखा कागद, काड्या आणि फुलांची नक्षी छापलेली चिकटपट्टी अशा वस्तूंचे वर्णन असून सगळ्या अवशेषांचे वजन पाच पौंडांच्या आसपास असावे असा अंदाज आहे. त्याच मुलाखतीत त्याने असेही सांगितले की हवामानाचे फुगे आपल्याला पूर्वी दोनदा सापडले होते आणि ही वस्तू त्यांच्यासारखी नव्हती. ब्रेझलवर लष्कराने दडपण आणले होते, असे यानसिद्धान्ताचे समर्थक म्हणतात. परंतु दडपणाखालचा माणूस लष्कराच्या खुलाशाला थेट छेद देणारे हे वाक्य कशासाठी उच्चारेल, याचे उत्तर त्यांना देता येत नाही. ब्रेझलचे कथन हे या प्रकरणातील सर्वांत जवळचे आणि सर्वांत विश्वसनीय कथन मानण्यास हाच आधार आहे: ते कोणत्याच बाजूच्या सोयीचे नाही.

मार्सेलचे कथन त्याहून एकतीस वर्षे दूरचे आहे. तो खोटे बोलत होता असे म्हणण्याची गरज नाही आणि तसे म्हणणे अन्यायाचेही होईल. उल्रिक नायसर या मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली चॅलेंजर अवकाशयानाच्या स्फोटानंतर दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून ती बातमी कशी कळली याची टिपणे लिहून घेतली आणि काही वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा अनेकांच्या आठवणी त्यांच्याच लेखी टिपणांशी जुळल्या नाहीत, तरीही त्या अचूक असल्याचा त्यांचा विश्वास अढळ होता. आठवणीतील स्पष्टपणा आणि तिची सत्यता यांचा संबंध माणसाला आतून वाटतो तितका घट्ट नसतो. आप्ताच्या लक्षणातील ‘जसे जाणले तसे सांगण्याची इच्छा’ मार्सेलजवळ पूर्णपणे असू शकते आणि तरीही ‘साक्षात जाणलेले’ ही पहिली अट मधल्या काळाने झिजवलेली असू शकते. साक्षीदाराला नाकारणे आणि त्याला लबाड ठरवणे या दोन भिन्न कृती आहेत. सार्वजनिक वादात त्या एकच मानल्या गेल्यामुळे कितीतरी वृद्ध माणसांचा विनाकारण अपमान झाला, ही या प्रकरणातील खरोखर खेदाची बाजू आहे.

मृतदेहांच्या कथनाची गोष्ट वेगळी आहे. ते मार्सेलच्या साक्षीत नाहीतच. ते प्रथम आले ते एका दिवंगत मृदसंधारण अभियंत्याच्या नावावर, त्याच्या परिचितांच्या तोंडून, आणि तेही ब्रेझलच्या माळरानापासून फार दूरच्या सान अगस्तीनच्या पठाराशी जोडलेले. पुढे प्रत्यक्ष पाहिल्याचा दावा करणारे लोक आले. त्यांपैकी एकाने सांगितलेली लष्करी परिचारिका कोणत्याही नोंदीत सापडली नाही, आणि दुसऱ्याच्या मृत्यूनंतर त्याच्या कागदपत्रांत बनावट दस्तऐवज निघाले. येथे आप्तत्वाची दुसरी अटच मोडते. १९९७ साली अमेरिकी हवाई दलाने या कथनांचा खुलासा करताना १९५० च्या दशकात उंचावरून टाकलेल्या प्रयोग-पुतळ्यांचा आधार घेतला आणि साक्षीदारांनी निरनिराळ्या वर्षांच्या घटना एकत्र केल्या असे म्हटले. हा खुलासा दुबळा आहे, कारण ज्यांनी सरळ रचून सांगितले त्यांच्याही रचनेला तो वास्तवाचा काहीतरी गाभा बहाल करतो, आणि दहा वर्षांचा काळ ओलांडून दोन टोके जुळवण्याची कसरत करतो; त्याने संशय कमी होण्याऐवजी वाढला, यात आश्चर्य नाही.

लष्कराने काही लपवले का, हा प्रश्न मात्र साक्षीदारांच्या बाजूने सुटला आहे. जनरल रेमीचा तेव्हाचा सहकारी थॉमस ड्युबोस याने उतारवयात शपथपूर्वक सांगितले की हवामानाच्या फुग्याची गोष्ट वृत्तपत्रांचे लक्ष दूर नेण्यासाठी पुढे केलेले आवरण होते. न्यू मेक्सिकोचे लोकप्रतिनिधी स्टीव्हन शिफ यांच्या पाठपुराव्यामुळे शासकीय लेखापरीक्षण कार्यालयाने चौकशी हाती घेतली, आणि तिच्या अनुषंगाने हवाई दलाने १९९४ साली ‘मोगल’ या एकेकाळच्या अतिगोपनीय प्रकल्पाकडे बोट दाखवले. सोव्हिएत संघाच्या अणुस्फोटांचे ध्वनितरंग वातावरणाच्या वरच्या थरांत टिपावेत यासाठी न्यूयॉर्क विद्यापीठाचे संशोधक न्यू मेक्सिकोतील आलामोगोर्डोहून फुग्यांच्या लांबलचक माळा सोडत होते. त्यांना वर्खी कागदाची रडार-परावर्तके बांधलेली असत, आणि प्रकल्पात काम केलेले चार्ल्स मूर यांच्या सांगण्यानुसार त्या परावर्तकांवर नक्षीची चिकटपट्टी वापरलेली होती. ब्रेझलने वर्णिलेल्या वस्तू आणि त्याचा ‘हा नेहमीचा फुगा नव्हे’ हा निर्वाळा, दोन्ही या खुलाशात सामावतात.

मीमांसकांनी अर्थापत्ती नावाचे एक प्रमाण मानले आहे: देवदत्त धष्टपुष्ट आहे आणि दिवसा जेवत नाही, तर तो रात्री जेवत असला पाहिजे, कारण एरवी त्याच्या पुष्टतेची उपपत्ती लागत नाही. यानसिद्धान्ताची सगळी मांडणी याच प्रमाणावर उभी आहे: लष्कराने असत्य सांगितले, ज्याअर्थी सांगितले त्याअर्थी काही अद्भुत लपवले. परंतु अर्थापत्तीचे बळ ‘दुसऱ्या कोणत्याही प्रकारे उपपत्ती लागत नाही’ यातच असते, आणि शीतयुद्धाच्या उंबरठ्यावर शत्रूच्या अणुचाचण्या ऐकण्याचा प्रयत्न ही लपवण्याजोगी गोष्ट होती हे एकदा दिसले की ते बळ संपते. हवाई दलाचा मोगलविषयक निष्कर्ष हेही अनुमानच आहे, कारण ज्या चौथ्या उड्डाणाशी अवशेषांचा संबंध जोडला जातो त्याची पूर्ण नोंद प्रकल्पाच्या उड्डाणसूचीत मिळत नाही. पण ज्ञात वस्तूंच्या आधारे केलेले अपुरे अनुमान आणि अज्ञात वस्तू कल्पून केलेले पूर्ण अनुमान यांत पहिले अधिक स्वीकारार्ह असते, हे लाघवाचे, म्हणजे कमी कल्पना करण्याचे, तत्त्व आपल्या सर्वच दर्शनांनी पाळले आहे.

लेखापरीक्षण कार्यालयाच्या १९९५ च्या अहवालात एक गोष्ट अशी होती की रॉझवेल तळावरून ऑक्टोबर १९४६ ते डिसेंबर १९४९ या काळात बाहेर गेलेले संदेश नष्ट झालेले आढळले. एका पक्षाने यातून काहीच घडले नव्हते असे काढले, दुसऱ्याने सगळेच दडपले गेले असे काढले. भाट्ट मीमांसकांचा अनुपलब्धीचा विचार दोघांनाही अडवतो. एखादी वस्तू न दिसण्यावरून ती नाही असे तेव्हाच म्हणता येते, जेव्हा ती असती तर नक्कीच दिसली असती अशी परिस्थिती असते. उजेडात घडा दिसला नाही तर घडा नाही, अंधारात न दिसणे हे कशाचेच प्रमाण नव्हे. नष्ट झालेले कागद हा अंधार आहे. मात्र या अंधारालाच पुरावा मानण्याची सवय लागली की श्रद्धेचे स्वरूप बदलते: कागद सापडला तर तो पुरावा, न सापडला तर तो दडवल्याचा पुरावा, आणि विरोधी कागद सापडला तर तो बनावट, अशा बंदिस्त वर्तुळात कोणतीही गोष्ट बाहेरून प्रवेश करू शकत नाही. धार्मिक श्रद्धेवर असा आक्षेप नेहमी घेतला जातो. पण परिपक्व धर्मपरंपरांनी पूर्वपक्षाला, म्हणजे विरोधकाच्या मताला, ग्रंथाच्या आरंभीच जागा दिली, ही गोष्ट आक्षेप घेणारे विसरतात.

डेव्हिड ह्यूमने १७४८ साली चमत्कारांवरील आपल्या विवेचनात असा निकष दिला की साक्ष खोटी असणे हे सांगितलेल्या घटनेहून अधिक अद्भुत असेल तरच ती साक्ष मानावी. निकष उपयुक्त आहे, पण तो केवळ घटनेची संभाव्यता मोजतो, सांगणारा आणि ऐकणारा यांच्यातील नात्याचा विचार करत नाही. मीमांसकांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते आणि बाधक कारण पुढे येईपर्यंत ते तसे राहते. नैयायिकांच्या मते त्याचे प्रामाण्य बाहेरून तपासूनच ठरते. रोजचे जीवन मीमांसकांच्या बाजूने चालते, कारण आईचे, शिक्षकाचे, वैद्याचे बोलणे प्रत्येक वेळी तपासून कोणालाही जगता येणार नाही. शासनाचे बोलणेही लोक असेच गृहीत धरून चालतात, आणि म्हणूनच रेमीच्या एका दुपारच्या खुलाशाची किंमत त्या फुग्याच्या रहस्याहून कितीतरी मोठी ठरली. संरक्षणासाठी गुप्तता आवश्यक असेल. परंतु मौन पाळणे आणि असत्य सांगणे यांत जो फरक आहे तो ओलांडला की शासन आप्तत्वातून उतरते, आणि मग ते खरे बोलले तरी ऐकणाऱ्याला ते नव्याने तपासावे लागते. तथापि शासनाचे आप्तत्व गेले म्हणून ते आपोआप त्याच्या विरोधकांकडे जात नाही, आणि रॉझवेलच्या वाङ्मयातील बहुतेक चुका हे स्थलांतर गृहीत धरल्यामुळे झाल्या आहेत.

कार्ल युंगने १९५८ साली उडत्या तबकड्यांवर लिहिताना त्या वर्तुळाकार दर्शनांत दुभंगलेल्या जगाची पूर्णत्वाची ओढ पाहिली, तर १९९७ साली बेन्सन सॅलर, चार्ल्स झीगलर आणि चार्ल्स मूर यांनी रॉझवेलच्या कथनाचा आधुनिक मिथक म्हणून अभ्यास केला. या कथनाचे धर्माशी असलेले साम्य मात्र मिथकापेक्षा प्रामाण्याच्या बाजूने अधिक खोल आहे. मीमांसकांनी वेदांना अपौरुषेय, म्हणजे कोणत्याही पुरुषाने न रचलेले, म्हटले ते यासाठी की पुरुष आला की भ्रम, प्रमाद आणि फसवणूक हे दोष संभवतात. रॉझवेलचे साक्षीदार एकेक करून निवर्तले आणि त्यांची वचने आता अशाच, कोणाला उलट प्रश्न विचारता न येणाऱ्या अवस्थेत पोचली आहेत. वॉल्टर हाउट अनेक वर्षे आपण केवळ पत्रक काढले, यान पाहिले नाही, असे सांगत होता. २००२ साली केलेले आणि २००५ मधील त्याच्या मृत्यूनंतर प्रकाशात आलेले शपथपत्र यान आणि देह दोन्ही पाहिल्याचे सांगते. त्या दोन कथनांतील कोणते आप्ताचे, हे विचारायला आता हाउट नाही. जे हाती आहे ते दोन कागद आणि त्यांच्यावरील तारखा, आणि पौरुषेय वचनाला अपौरुषेयाचा मान देण्याची घाई न करता ज्याला निवड करायची आहे त्याला ती या तारखांवरूनच सुरू करावी लागते.