नकलेचे मूळ रूप

मोटारसायकलची चौकट, जिला गॅरेजच्या बोलीत चासी म्हणतात, ती वरवर पाहता पोलादी नळ्यांची जुळणी असली तरी प्रत्यक्षात काही अंतरे आणि काही कोन यांच्यात झालेला तह असते, आणि त्यामुळे तिची लांबी वाढवणे म्हणजे धातू वाढवणे नसून तो तह नव्याने करणे होय. जुन्या, हलक्या मोटारसायकलींच्या बाबतीत हा उद्योग घरच्या कार्यशाळेत अनेकदा केला जातो, कारण त्या गाड्या आखूड असतात, उंच माणसाचे गुडघे हँडलपर्यंत येतात आणि वेगाची हौस असलेल्याला सरळ रेषेतील स्थैर्य हवे असते. असा बदल करणाऱ्यावर मूळ वस्तूशी प्रतारणा केल्याचा आरोप हमखास होतो. परंतु त्या मूळ वस्तूचे मूळपण कशात आहे, हा प्रश्न त्याआधी विचारला पाहिजे.

बीएसए या ब्रिटिश कंपनीची बॅन्टम ही या प्रश्नाची सर्वांत बोलकी साक्षीदार आहे. 1948 साली बाजारात आलेली 123 सीसी इंजिनाची ही दुचाकी ब्रिटिश टपाल खात्याच्या लाल रंगात तारा पोचवत फिरली आणि अस्सल इंग्रजी म्हणून लोकांच्या मनात रुजली. पण तिचा आराखडा जर्मनीतील चोपाऊ येथील डीकेडब्ल्यू कारखान्याच्या आरटी 125 या गाडीचा होता आणि दुसऱ्या महायुद्धानंतर जेत्यांच्या वाट्याला आलेल्या भरपाईतून तो इंग्लंडात पोचला होता. त्याच आराखड्यावरून सोव्हिएत संघात, अमेरिकेत हार्ली-डेव्हिडसनकडे आणि 1955 साली जपानमध्ये यामाहाकडे गाड्या तयार झाल्या. इंग्रज चालकाला गिअरचा खटका उजव्या पायाशी लागे, म्हणून बीएसएने इंजिनाचा आराखडा आरशात पाहावा तसा उलटा करून घेतला. ज्या गाडीचा जन्मच उजवे-डावे फिरवून झाला, तिच्या शुद्धतेचा अभिमान बाळगणे थोडे गमतीचे आहे. येथवर युक्तिवाद बदल करणाऱ्याच्या बाजूने जातो.

पदार्थविज्ञान मात्र या ऐतिहासिक युक्तिवादाला भीक घालत नाही. दोन्ही चाकांच्या आसांमधले अंतर, म्हणजे व्हीलबेस, वाढले की गाडी सरळ जाण्यात स्थिर होते आणि वळणात सुस्त होते. एवढे सर्वांना ठाऊक असते. कमी ठाऊक असते ते ट्रेलचे गणित. हँडल ज्या तिरप्या अक्षाभोवती फिरते तो अक्ष खाली वाढवला तर जमिनीला जिथे टेकेल, त्या बिंदूच्या मागे टायर जमिनीला जितक्या अंतरावर टेकतो त्या अंतराला ट्रेल म्हणतात, आणि पुढचे चाक आपोआप सरळ राहू पाहते ते त्याच्यामुळे. साधारण 1,270 मिलिमीटर व्हीलबेसच्या गाडीची मागची बाजू केवळ 22 मिलिमीटरने उंच झाली, तरी सगळी चौकट सुमारे एक अंशाने पुढे कलते, हँडलचा अक्ष तेवढाच उभा होतो आणि ट्रेल पाच-सहा मिलिमीटरने घटतो. म्हणजे ज्याने फक्त मागची बाजू लांबवली, त्या भरात तिची उंची बदलू दिली आणि पुढच्या भागाला हातही लावला नाही, त्याने बेसावधपणे पुढच्या चाकाचा स्वभाव बदललेला असू शकतो.

1956 पासून बॅन्टमच्या काही नमुन्यांना मागे खालीवर हलणारा चिमटा, म्हणजे स्विंग आर्म, मिळाला. तो शॉकअॅब्सॉर्बरच्या जागेमागे वाढवून 400 चा 450 मिलिमीटर केला, तर तरफेचा हात लांबल्यामुळे चाकाला जाणवणारा स्प्रिंगचा ताठपणा सुमारे पाचव्या हिश्शाने कमी होतो, कारण तो लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. साखळीचेही स्वतःचे मत असते. अर्ध्या इंचाच्या कड्यांची साखळी जोडीजोडीने वाढवावी लागते आणि प्रत्येक जोडीमागे चाक 12.7 मिलिमीटर मागे सरकते, त्यामुळे कागदावर 50 ठरवणारा माणूस चार जोड्यांच्या 50.8 वर येऊन थांबतो आणि उरलेला फरक आसाच्या खाचेत जिरवतो.

जोडकामात खरी परीक्षा करवतीची वा वेल्डिंगची नसून मोजमापाची असते. नळीच्या आत घट्ट बसणारा दुसऱ्या नळीचा तुकडा सरकवून तिरप्या कापावर जोड दिला, तर ताण एकाच वर्तुळाकार रेषेवर साठत नाही. बंद नळीला आधी बारीक भोक पाडले नाही, तर तापलेली हवा वितळलेल्या धातूतून फुरफुरत बाहेर पडते आणि जोड सच्छिद्र राहतो. वेल्डिंग थंड होताना धातूला आपल्याकडे ओढते, म्हणून चौकट जिगमध्ये, म्हणजे तिचे बिंदू जागच्या जागी जखडून ठेवणाऱ्या सांगाड्यात, आवळून समोरासमोर आलटूनपालटून टाके मारावे लागतात. शेवटी दोन्ही चाकांच्या कडेने ताणलेली सुतळी आणि हँडलचा अक्ष ज्यातून जातो त्या हेडच्या नळीशी धरलेला ओळंबा ही गवंड्याची साधनेच निकाल देतात.

भारतीय कायद्याची भूमिका या बाबतीत नि:संदिग्ध आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि व्हीलबेस हा नोंदणीतलाच एक तपशील आहे. 2021 च्या व्हिंटेज नियमांनी पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे झालेल्या गाड्यांना वेगळी मान्यता दिली, पण चासी, बॉडी वा इंजिन यांत फेरफार नसावा ही अट घातली. रस्त्याच्या सुरक्षिततेसाठी ही रेषा योग्यच म्हणावी लागेल; वारशाची कसोटी म्हणून मात्र ती ढोबळ आहे, कारण कसलेल्या हाताने केलेला बदल आणि बेफिकीर कापाकाप यांत ती फरक करत नाही.

यातून निघणारा अधिक समंजस मार्ग जुन्या चित्रांची वा मूर्तींची डागडुजी करणाऱ्यांना परिचित आहे: जे करायचे ते पुन्हा काढून टाकता येईल असे करावे. चिमट्याच्या बॅन्टमला मूळ चौकट न कापता लांब चिमटा नवा बनवून बसवता येतो आणि जुना, ग्रीस लावून, फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवता येतो. 1948 च्या पहिल्या, डी-1 नावाच्या बॅन्टमला ही सोय नाही. तिचे मागचे चाक चौकटीतच ताठ बसवलेले आहे, आणि तिथे करवत ज्या चौकटीची नळी कापते तिच्यावरच गाडीचा क्रमांक ठोकलेला असतो.